‘व साथी’मधल्या प्रमिलाबाई

“ह्यां काय गो प्रमिले? ह्येच्यात गांडुळां सोडल्यानी काय कोणी?”

गजाननरावांनी रेकॉर्ड प्लेअर गादीवर पालथा घातला होता आणि त्याच्या पोटातून पाच तारा लोंबत होत्या. लाल, हिरवी, पांढरी, निळी, काळी. इतक्या बारीक, की प्रमिलाबाईंना चष्मा लावूनही आधी तीनच दिसल्या.

“तुम्ही आधी तो सुलटा करा बघू. दांडी मोडेल.”

“दांडयेक झिलान पट्टी बांधलीहा. माका काय येडो समाजलंस?”

झील म्हणजे मुलगा रोहन, पुण्याचा. त्याने स्वतःला नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि जुना आईला पाठवून दिला. सोबत एक काळा लोखंडी डबा, पाटावरवंट्याच्या वजनाचा. डब्याच्या पाठीला माईकची असतात तशी तीन पिनांची भोकं. फोनवर म्हणाला, “आई, हा बॅलन्स्ड फोनो प्रीअँप आहे. सुईतून येणारा आवाज मुंगीएवढा असतो, हा डबा त्या मुंगीचा हत्ती करतो. फक्त मधली वायर मी नव्या प्लेअरला वापरली. तिकडे कुणाकडून तरी दोन वायरी करून घे. एका टोकाला प्लेअरच्या तारा, दुसऱ्या टोकाला तीन पिनांचा जॅक. सोपं आहे.”

रोहन ‘सोपं आहे’ म्हणाला की प्रमिलाबाई सावध व्हायच्या. मोबाइलवरून वीजबिल भरणंही त्याने सोपं म्हणूनच सांगितलं होतं, आणि गजाननरावांनी शेजारच्यांचं बिल भरून टाकलं होतं.

पण या वेळी माघार घ्यायची सोय नव्हती. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाचा प्रसाद फोन करणार होता, आणि त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं.

त्याचं असं झालं. प्रमिला तोंडवळकर हे नाव सिल्वासात ज्याला ठाऊक नाही त्याने मराठी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं. मालवणकडची मुलगी, गिरगावात मामाकडे राहून डी.एड. झाली, लग्न करून सिल्वासात आली. नवरा गजाननराव कलेक्टर कचेरीत कारकून, ही शाळेत बाई. वर्गात वारली बोलणारी मुलं, गुजराती बोलणारी, धुळ्या-नंदुरबारहून कारखान्यात आलेल्यांची अहिराणी बोलणारी. सगळ्यांना बाईंनी एका दोरीत बांधलं आणि शुद्ध बोलायला लावलं. ‘पानी’ म्हणणाऱ्याला ‘पाणी’ म्हणेपर्यंत ग्लास मिळायचा नाही. आणि ह्या शुद्ध बोलण्याबरोबर आणखी एक गोष्ट बाईंच्या नावाला चिकटली होती : बाईंची रेकॉर्ड आहे.

रेकॉर्ड होती, हे खरं. ट्रंकेत, रेशमी पोलक्याच्या घडीत. डी.एड.च्या वर्षी कॉलेजातल्या संगीताच्या मास्तरांनी चार मुलींना कोरसला नेलं होतं. एक पुण्याची, एक नागपूरची, एक अस्सल गिरगावातली आणि चौथी प्रमिला. मुख्य गाणं मंजुषाताईंचं; त्या तेव्हा आकाशवाणीवर गायच्या. ‘तळं भरलं गं काठोकाठ’. मुलींनी मागून ‘तळं भरलं, तळं भरलं’ म्हणायचं. दिवसभर गाऊन झालं, घसे बसले, आणि निघताना कुणीतरी म्हणालं, ढोलकी फार वाजलीय, उद्या पुन्हा घ्यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाचा पाठ होता. तिसरीच्या वर्गावर, परीक्षकांसमोर. ती गेली नाही.

मग त्या दिवशी सगळं गाणं पुन्हा घेतलं, की नुसती ढोलकी? पुण्याची म्हणाली, सगळं घेतलं. नागपूरची म्हणाली, मी तर घरीच होते. मास्तरांनी नंतर तबकडी पाठवली. तिच्या मधोमध छापलं होतं, मंजुषा अमुकअमुक, आणि खाली बारीक अक्षरात ‘व साथी’. आता त्या साथींत आपण आहोत का? एकदा एका डॉक्टरांच्या घरी ऐकायला मिळाली. ऐकू आल्या त्या फक्त मंजुषाताई. त्यांचा आवाज असा की त्यांच्या मागे भिंत जरी गात असती तरी कळलं नसतं.

आणि तरी शाळेत ओळख करून देताना कुणीतरी म्हणायचंच, ‘या आमच्या प्रमिलाबाई, यांची रेकॉर्ड आहे बरं का.’ बाई हसायच्या. हो म्हणायच्या नाहीत, नाही म्हणायच्या नाहीत. आता मंडळाच्या वर्धापनदिनाला त्यांचा सत्कार करायचं घाटत होतं, आणि सत्काराआधी स्टेजवर ती रेकॉर्ड वाजवायची होती. चार माणसांत वाजवायची आणि आपण त्यात नसलो तर? नुसती शाल अंगावर पडून चालतं का, तिच्याखाली माणूस नको?

“मीया सांगतंय तुका,” गजाननराव आयुष्यभर म्हणत आले होते, “कोरस म्हणजे भजनातलो टाळ. असलो काय, नसलो काय. तुझो आवाज ह्येच्यात खंय आसा, ता देवाक ठाऊक.”

“देवालाच विचारते मग आज,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि खिडकीतून हाक मारली, “चिंधाभाऊ! ओ चिंधाभाऊ! येताय ना?”

चिंधा मागच्या खोल्यांमध्ये राहायचा. धुळ्याच्या साक्रीकडचा. मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात मेन्टेनन्सला वायरमन. त्याची मुलगी ममता बाईंच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे बाईंनी हाक मारली की तो जेवत्या ताटावरून उठायचा. आज त्याची सुट्टी होती. सोल्डरिंगची पिशवी खांद्याला लावून तो आला आणि उंबऱ्याशीच म्हणाला, “बाई, ममता अजून घरी आम्हाला टोकते. पानी नाही पप्पा, पाणी. मी म्हणतो, पोरी, ण लावला म्हणून आपल्या नळाला जास्त येतं का?”

“ते नंतर. आधी हे बघा.”

चिंधा गुडघ्यांवर बसला. त्याने पाच तारा एका हाताच्या पाच बोटांवर घेतल्या, आणि त्याचा चेहरा उजळला. हरवलेला भाऊ जत्रेत दिसावा तसा.

“अरे वा! हे तर थ्री फेज आहे!”

“काय आहे?”

“थ्री फेज, बाई. लाल, पिवळी, निळी, हे तीन फेज. काळी न्यूट्रल. हिरवी अर्थ. आमच्या कंपनीत पूर्ण पॅनल असंच.”

“पण यात पिवळी कुठे आहे?”

चिंधाने पांढरी तार उजेडाकडे धरली. “ही ना. जुनी झाली, रंग उडाला.”

पांढऱ्याचं पिवळं झालेलं प्रमिलाबाईंनी पुष्कळ पाहिलं होतं. पिवळ्याचं पांढरं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा विषय मराठी. वायरिंगमध्ये बोलायचा त्यांना काय अधिकार?

“आणि तो रोहन बॅलन्स्ड बॅलन्स्ड म्हणतो, ते काय?”

“तेच ते. तिन्ही फेजवर लोड सारखा पाहिजे. आमचा सुपरवायझर रोज बोंबलतो, चिंधा, लोड बॅलन्स कर, चिंधा, लोड बॅलन्स कर.”

“गाणं ऐकायला थ्री फेज लागतं?” गजाननरावांनी विचारलं. चिंधाशी ते कचेरीतलं मराठी बोलायचे.

“मोठ्या मशीनला लागतंच, काका.”

“हे मोठं मशीन आहे?”

चिंधाने काळा डबा हाताने तोलून बघितला. “वजन बघा ना.”

गजाननरावांनीही डबा एकदा उचलून पाहिला.

अडचण पुढेच होती. प्लेअरच्या पोटात तारा जिथून निघत होत्या तिथे इंग्रजीत डावं-उजवं लिहिलेलं होतं. डाव्याशी पांढरी आणि निळी, उजव्याशी लाल आणि हिरवी, काळी एकटीच कोपऱ्यात. जॅक दोन, एकेका जॅकला तीन पिना. तीन फेजला तीन पिना हे चिंधाला पटलं, पण दुसऱ्या जॅकचं काय करायचं?

“एक इनकमिंग, एक आउटगोइंग असेल,” तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मग अहिराणीत स्वतःशीच पुटपुटला, “हाई काय भानगड शे!”

शेवटी त्याने त्याच्या हिशेबाने मार्ग काढला. हिरवी म्हणजे अर्थ, यात वादच नाही, म्हणून ती डब्याच्या बॉडीवरच्या स्क्रूला आवळली. मग उजवीकडे लालच्या जोडीला कोण? न्यूट्रल. म्हणून काळी. डावीकडे निळी आणि ‘पिवळी’. सोल्डरचा धूर झाला, खोलीत राळेचा वास सुटला. पुढचं सोपं होतं. गणपतीत आरतीला लागतो तो मंडळाचा आवाजाचा मिक्सर आणि एकुलता एक स्पीकर वर्षभर तोंडवळकरांच्या पलंगाखालीच असायचा. डब्यातून मिक्सरमध्ये मंडळाच्याच माईकच्या दोन वायरी गेल्या आणि मिक्सरमधून त्या एका स्पीकरमध्ये सगळं.

“चालू करतो,” चिंधा म्हणाला. “मागे सरका.”

“मागे का?” बाई दचकल्या.

“सवय आहे, बाई.”

घूंऽऽऽऽऽऽ!

खिडकीतलं कबूतर उडालं. शेल्फावरचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणू लागले. चौकातला ट्रान्सफॉर्मर घरात आणून बसवल्यासारखा आवाज. चिंधाने प्लेअरच्या दांडीला बोट लावलं तर तो वाढला, काढलं तर थोडा उतरला.

“गाणां सुरू झालां?” गजाननरावांनी ओरडून विचारलं.

“हे गाणं आहे का?” बाई ओरडल्या.

“माका काय ठाऊक? रेकॉर्ड तुझी!”

बाईंनी रोहनला फोन लावला. पुण्याच्या रस्त्यावरची सगळी वाहनं आधी बोलली, मग रोहन. “हिरवी अर्थला लावली? का?”

“भाऊ, हिरवी अर्थच असते,” चिंधाने फोनच्या दिशेने वाकून सांगितलं.

“इथे नसते. इथे अर्थ काळी.”

चिंधा खाली बसला. नुसता बसला. “काळी अर्थ? मग हिरवी काय?”

“हिरवी उजव्या बाजूची मायनस.”

“मायनस?” त्याने प्रमिलाबाईंकडे पाहिलं, कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं. “बाई, हे असं कंपनीत कुणी केलं ना, तर माणूस चिकटून मरेल.”

“इथे कोणी मरत नाही. ऐका. पांढरी-निळी ही डावी जोडी, लाल-हिरवी ही उजवी जोडी. प्रत्येक जोडीत एक प्लस, एक मायनस. दोघींचाही जमिनीशी संबंध नाही, दोघी सारख्याच तोलाच्या. म्हणून बॅलन्स्ड. काळी तेवढी डब्याच्या स्क्रूला. आई, लक्षात आलं?”

प्रमिलाबाईंना गौरीच्या रात्रीची फुगडी दिसली. दोघी हात धरून फिरतायत, एक पुढे झुकली की दुसरी मागे, आणि दोघींचं वजन एकमेकींवर. कुणी भुईला हात टेकवला की फुगडी बिघडली. एवढं त्यांना कळलं, आणि कळलं म्हणून बरं वाटलं. “पण रोहन, पांढरी-निळीत प्लस कुठली रे?”

“आई, सिग्नल सुटला, मी करतो...”

फोन बंद.

तिघं चार तारांवर वाकले.

“लाल प्लस,” चिंधाने सुरुवात केली. “ते सगळीकडेच. हिरवी मायनस, भाऊ बोलले, आता काय करणार. राहिली ही जोडी. तर बाई, निळी फेज असते. कुठेही जा. साक्रीत जा, मसाटला जा. निळी फेज. म्हणजे प्लस निळी.”

“आणि पांढरी?”

“उरली ती मायनस.”

“मघाशी ती पिवळी होती ना?” गजाननरावांनी आठवण केली.

“काका, आता तो विषय सोडा.”

सगळं काढून पुन्हा सोल्डर झालं. या वेळी मागे सरका असं सांगायला चिंधा विसरला, आणि तिघंही आपणहून मागे सरकले. बटण दाबलं. काही नाही. शांत. इतकं शांत की घूं घूं होत होतं तेच बरं, असं बाईंना क्षणभर वाटलं. आता पळवाट उरली नव्हती. त्यांनी पदराने तबकडी पुसली, गजाननरावांनी पट्टी काढली आणि सुई टेकवली.

खरखर. बरीच खरखर, चुलीत ओलं सरपण घातल्यासारखी. मग हार्मोनियम आली. बाईंच्या ओठांनी आपोआप मोजायला सुरुवात केली. आता मंजुषाताई उचलणार. आता.

कोणी उचललं नाही.

हार्मोनियम एकटीच चालली होती, वऱ्हाड पुढे गेलं आणि नवरीच मागे राहिली अशी. फार लांबून, विहिरीच्या तळाशी बसून कुणी बोलावं, तसं काहीतरी कानाला लागत होतं. शब्द कळत नव्हते.

“मंजुषाताई कुठे गेल्या?” प्रमिलाबाई पुटपुटल्या.

“घासून घासून बाय संपली की काय?”

“अहो, एकदाच वाजलीय आजवर!”

दोघांनी चिंधाकडे पाहिलं. चिंधाने दोन्ही हात वर केले. “बाई, आई शपथ, मी फक्त तारा लावल्या.”

“मग बाई कुठे गेली?”

“तारेतून बाई जात नसते, बाई.”

आणि तेवढ्यात आल्या त्या मुली.

तळं भरलं, तळं भरलं...

काठाशी उभ्या असल्यासारख्या आल्या. इतक्या जवळ की बाईंनी पलंगाची कड धरली. डॉक्टरांच्या घरी हे आलंच नव्हतं. हे आवाज तिथे नव्हतेच. कोवळे, जरा घाबरलेले, मास्तरांच्या हाताकडे डोळे लावून गाणारे. एकीने मध्येच श्वास घेतलेलाही ऐकू आला. मग पुन्हा ओसाड हार्मोनियम, आणि पुन्हा मुली.

बाई मोजत होत्या. तीन, का चार? पुण्याची ती खणखणीत, ती कळली. नागपूरची ढाली, जाड. नंतरचा आवाज एक होता की दोन, ते काही केल्या कळेना. गिरगावातली एकटीच होती का ती? की गिरगावातली आणि आणखी कुणीतरी? त्यांनी डोळे मिटले तर तीन वाटायचे, उघडले तर चार.

“मी आहे का हो यात?” त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुई आत जाऊन टकटक करायला लागली तोवर रोहनचा फोन आला. त्याने गाडी कडेला लावली होती. बाईंनी सगळं सांगितलं : घूं थांबलं, हार्मोनियम आहे, मुली आहेत, मंजुषाताई गायब. तो हसत सुटला.

“निळी प्लसला लावलीत का?”

“निळी फेज असते भाऊ,” चिंधा लांबूनच म्हणाला.

“इथे निळी मायनस आहे हो! एक बाजू तुम्ही उलटी लावलीत, आणि मग दोन्ही बाजू एकाच स्पीकरमध्ये ओतल्यात. आई, मुख्य गाणारी बाई मधोमध असते, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी सारखी. एक बाजू उलटी झाली की डावी बाई उजव्या बाईला खाऊन टाकते. कोरस आणि हार्मोनियम कडेला असतात, दोन्हीकडे सारखी नसतात, म्हणून ती वाचतात. निळी-पांढरीची अदलाबदल करा, येतील तुझ्या मंजुषाताई परत.”

“डावी बाई उजव्या बाईला खाते,” गजाननरावांनी चिंधाला गंभीरपणे सांगितलं.

“ऐकलं काका. घरी बायकोला, आमच्या सरुबाईला सांगू नका, ती म्हणेल, कोण बाई.”

चिंधाने सोल्डरिंगची कांडी पुन्हा तापायला ठेवली आणि निळ्या तारेकडे हात नेला. प्रमिलाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

“थांबा. आधी पुन्हा एकदा लावा. असंच. उलटंच.”

“पण बाई, चुकलंय ना ते.”

“लावा म्हणते ना.”

लावलं. खरखर, हार्मोनियम, विहिरीतलं भूत, मुली. बाई खुर्ची ओढून स्पीकरच्या जाळीला कान लावून बसल्या. तीन. नाही, चार. नाही... त्यांना रडू येईलसं झालं. एवढं सगळं होऊन, मधली मंजुषाताई दूर होऊनसुद्धा, आपलाच आवाज आपल्याला ओळखता येऊ नये?

“गो!” गजाननराव एकदम म्हणाले. “ह्यां कोण?”

“काय कोण?”

“मागे घे रे चिंधा, मागे घे. हळू. हां. ऐक आता.”

तळं भरलं, तळं भरलं, तळं...

“ऐकलंस? तीनजणी म्हणतत ‘तळं भरलं’. आणि एक मागच्यान म्हणता ‘तळां भरलां’! नाकातसून! तळां भरलां! ही तू गो!”

प्रमिलाबाई ताठ बसल्या. “काहीतरीच काय! मी असं म्हणेन? मी? मास्तरांनी चार दिवस शब्द घोटून घेतले होते आमच्याकडून. तळं. लं. शुद्ध. मी कधी ‘तळां’ म्हटलेलं नाही.”

“मग ह्यां मालवणी नाक गिरगावात कोणाचा?”

“नागपूरचीचं असेल.”

“नागपूरची ‘तळां’ म्हणतली? शुद्धीवर आसस मां?”

“अहो, पण...” बाई थांबल्या. त्यांना कळेना आपण भांडतोय कशासाठी. आपण त्यात आहोत हेच तर ऐकायचं होतं ना? मग नवरा छातीठोक सांगतोय की आहेस, तर आपण नाही म्हणून का अडून बसलोय? पण ‘तळां’? सिल्वासातल्या पिढ्यांना अनुस्वार शिकवणाऱ्या बाई, आणि तबकडीवर कायमचं ‘तळां भरलां’? हे ऐकून मंडळात लोक काय म्हणतील? आणि हे आपलं नाही म्हटलं, तर मग आपलं त्यात काय उरलं?

“बाई,” चिंधा दबकत म्हणाला, “तुम्ही म्हणून बघा ना एकदा. आम्ही मोटरचा आवाज असाच ओळखतो. दोन्ही शेजारी चालवतो.”

“मी नाही म्हणणार.”

“म्हण गो. कोण बघूक बसलो हा?”

सुई पुन्हा मागे आली. प्रमिलाबाईंनी घसा साफ केला, वर्गात कविता सुरू करताना बसायच्या तशा पाठीचा कणा सरळ करून बसल्या, आणि ‘लं’ नीट म्हणायचा पक्का निश्चय केला. हार्मोनियमने वळण घेतलं. मास्तरांचा हात डोळ्यांसमोर आला. त्या हाताबरोबर त्यांनी तोंड उघडलं, आणि स्पीकरमधल्या मुलींच्या अगदी बरोबरीने, साठी उलटलेल्या घशातून आवाज आला :

“तळां भरलां, तळां भरलां...”

त्यांनी तोंडावर हात घेतला.

“काय झालं?” चिंधाने विचारलं. त्याला ‘तळं’ आणि ‘तळां’ यांतला फरक कळलाच नव्हता. “जमलं की नाही?”

आयुष्यभर टाळ टाळ म्हणून चिडवणारा माणूस उठला, आणि उगाचच बायकोच्या पाठीवरची नसलेली धूळ झटकू लागला.

टीपॉयवर फोन थरथरला. मंडळाचा प्रसाद. “काकू, नमस्कार! मग काय ठरलं? कार्ड छापायला द्यायचंय. रेकॉर्ड वाजवायची ना? तुम्ही गायलाय ना त्यात?”

बाईंनी एक क्षण स्पीकरकडे पाहिलं.

“गायलेय,” त्या म्हणाल्या. “वाजवा. पण प्रसाद, एक सांगून ठेवते. उच्चार अशुद्ध आहे.”

“काय म्हणालात काकू?”

“आहे म्हटलं. मी आहे त्यात.”

फोन ठेवला तेव्हा चिंधाची कांडी कधीची तापली होती आणि तो निळी तार चिमट्यात धरून उकिडवा बसला होता. “बाई, आता बदलू ना? प्रोग्रामला ती मेन बाई पाहिजेच. की राहू देऊ? नक्की चुकलंय की बरोबर आलंय, तेवढं तर सांगा. मी ममताला काय सांगू, बाईंच्या घरी काम नीट केलं की खराब?”

आयुष्यभर वह्यांवर बरोबर-चूक करत आलेल्या प्रमिलाबाईंना आज खरंच सांगता येईना. मंजुषाताई परत यायला हव्यात, हे तर उघड होतं. गाणं त्यांचं होतं. पण त्या आल्या की ती मुलगी पुन्हा भिंतीमागे जाणार, हेही उघड होतं.

“प्रोग्रामच्या आधी बदलू,” त्या म्हणाल्या. “म्हणजे... बदलायला तर हवंच. पण तुम्ही एवढ्यात... चिंधाभाऊ, तुम्हाला काय वाटतं?”

“मला? मला तर अजून हिरवीचंच पटलेलं नाही, बाई.”

“शूऽऽ!” गजाननरावांनी दोघांनाही दटावलं. त्यांनी सुई परत पहिल्या रेघेवर टेकवली होती, आणि बाईंच्या खुर्चीला खुर्ची लावून, मान वाकडी करून, ते त्या खरखरीत कान घालून बसले होते. “गप ऱ्हवा मगे. आता येतली ती.”